घरी विणलेली हेडफोनची केबल: गोफ छान झाला, पण जॅकपाशी परत तुटली

तांबेतार (धागाकर्ता)

मंडळी, जरा लांबण लागेल, कारण काय काय केलं ते सगळं सांगायचंय आणि शेवटी एक अडचण आहे त्यावर मदत हवीय.

माझ्या हेडफोनबरोबर आलेली केबल जॅकपाशी गेली. डाव्या कानात आवाज येईना, बोटाने केबल जरा उचलून धरली की यायचा आणि सोडली की गायब. हेडफोन ठणठणीत आहे, दोन्ही कपांना खाली ३.५ मिमीचं सॉकेट आहे म्हणजे केबल वेगळी निघते, म्हटलं नवी आणण्यापेक्षा आपणच करून बघू.

तार घेतली २६ गेजची (गेजचा आकडा लहान तशी तार जाड), आत बारीक बारीक तांब्याचे तंतू असलेली. एक लाल, एक पांढरी, दोन काळ्या. लाल उजव्या कानाची, पांढरी डाव्या कानाची आणि काळ्या दोन्ही ग्राउंड. केबल १.२ मीटर हवी होती म्हणून तारा १.५ मीटर कापल्या, कारण विणण्यात लांबी जाते, घट्ट विणलं तर पाचवा हिस्सा सहज जातो. पहिल्या वेळी मी नेमक्या १.२ च्या कापल्या होत्या, त्या तारा दुसऱ्या कामाला गेल्या.

विणायचं कसं ते सांगतो, कारण चित्रं बघून माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. चारही टोकं एकत्र बांधून टेबलाच्या कडेला क्लॅम्पमध्ये धरायची. डाव्या हातात दोन काळ्या, उजव्या हातात लाल आणि पांढरी. सगळ्यात उजवीकडची तार उचलायची, शेजारच्या दोघींच्या मागून न्यायची आणि परत येताना एकीच्या वरून आणायची, म्हणजे ती पुन्हा उजव्या हातातच येते पण आतल्या जागेवर. मग तेच डावीकडून. बास, एवढंच, शेवटपर्यंत. तिपेडी वेणी चपटी होते, हा चौपेडी गोफ गोल होतो आणि बोटात फिरवला तरी तिढा पडत नाही. यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे उजव्या हातातल्या तारा शेवटपर्यंत उजव्याच हातात राहतात, त्यामुळे काळी तार उजवीकडे दिसली की समजायचं मागे कुठेतरी चुकलंय, तिथपर्यंत उसवायचं. फाट्यापाशी, म्हणजे केबल दोन कानांकडे वेगळी होते तिथे, एक सिग्नल आणि एक काळी अशा दोन जोड्या करून साधा पीळ देत कानापर्यंत नेल्या.

हे सगळं झाल्यावर वरून जाड हीटश्रिंक (गरम केली की आक्रसणारी) नळी चढवली, जॅकपासून फाट्यापर्यंत सलग, आणि गरम करून बसवली. म्हटलं आता ही काही तुटत नाही.

तीन महिने झकास चालली. आता डावा कान परत तसाच, उचललं की येतो, सोडलं की जातो. नळी तर कुठेही फाटलेली नाही. मग तुटलं काय?

नवी_सुई

मस्त धागा!! मी अजून सोल्डरिंग आयर्न हातात पण धरलेलं नाही पण गोफ विणायची पद्धत वाचून लगेच लोकरीचे चार धागे घेऊन बसले आणि जमला की. मागून दोन, वरून एक. वाचतेय, पुढचं लिहा.

डाखवाला

तांबेतार, नळी फाटलेली नाही हेच तर कारण आहे. जॅक उघडा आणि नळी ब्लेडने लांबीच्या दिशेने चिरा, तारेला धक्का न लावता. मग पांढऱ्या तारेचं प्लास्टिक जोडापासून साधारण एक सेंटीमीटर मागे सोलून काय दिसतं ते इथे लिहा. माझा अंदाज आहे, पण आधी तुम्ही बघा.

कानसेन

छान काम केलंय. पण २६ गेज तांबं का घेतलंत? मी चांदीची तार वापरून असाच गोफ केला आणि वरच्या पट्टीत लगेच मोकळेपणा जाणवला. एवढी मेहनत घेताय तर तार पण तशीच घ्या असं मनापासून सांगेन.

तांबेतार

डाखवाला दादा, चिरलं.

जे दिसलं ते सांगतो. जॅकच्या पितळी पट्टीवर डाख (सोल्डरचा जोड) अगदी तसाच आहे, चकचकीत, ओढला तरी हलत नाही. पण प्लास्टिक सोलल्यावर आत तार तांबडी नाही, चंदेरी आहे! जवळजवळ ६ मिमीपर्यंत कथील आत शिरलंय, तिथे तार सुईसारखी ताठ. आणि जिथे चंदेरी संपून तांबडी सुरू होते बरोबर त्या रेषेवर सगळे तंतू तुटलेत, एक सोडून. तो एक तंतू भिंगातून दिसला, तोच अधूनमधून टेकत होता. प्लास्टिक बाहेरून अखंड. बघून अंगावर काटा आला, कारण जोड मी इतका मन लावून केला होता.

डाखवाला

हेच वाटलं होतं. आता नीट लिहितो, कारण घरी केबल करणाऱ्या दहातल्या नऊ जणांचा जोड इथेच जातो असं माझं रिपेअरच्या टेबलावरचं मत आहे, आणि तो वाईट डाखामुळे नाही तर जास्त मन लावून दिलेल्या डाखामुळे जातो.

बारीक तंतूंची तार म्हणजे वातच. आयर्न जास्त वेळ टेकवून ठेवलं की वितळलेलं कथील तंतूंच्या मधून आत चढत जातं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. जिथपर्यंत चढलं तिथपर्यंत सगळे तंतू एकमेकांना चिकटून एक भरीव काडी तयार होते. तार लवचीक असते ती का, तर वाकताना तंतू एकमेकांवरून सरकतात म्हणून. काडी सरकत नाही. मग वाकायचं सगळं ओझं काडी संपते त्या एका रेषेवर येतं, आणि तांबं एकाच जागी परत परत वाकलं की आधी कडक होतं आणि मग तुटतं. वर तुम्ही जाड नळी चढवली, तिने बाकीची केबल ताठ केली, त्यामुळे खिशातून जॅक वाकला की केबलला वाकायला दुसरी जागाच उरली नाही. नळीने तारेचं रक्षण केलं, जोडाचं नाही.

करायचं काय. कथील ६३/३७ चं (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) घ्या, ते १८३ अंशाला वितळतं आणि मधे लगदा अवस्था नसल्याने जोड हलून बिघडायची भीती कमी. आयर्न ३२० ते ३५० वर. ऐकायला उलटं वाटेल पण गार आयर्नने जास्त वेळ धरण्यापेक्षा गरम आयर्नने दोन सेकंदात काम उरकलेलं बरं. आधी पट्टीवर थोडं कथील, तारेच्या टोकाला थोडं कथील, मग दोन्ही टेकवून एक स्पर्श आणि आयर्न बाजूला. प्लास्टिकच्या कडेला तार चिमट्यात धरा, चिमटा उष्णता पिऊन घेतो आणि कथील पुढे सरकत नाही. बिनशिशाचं कथील वापरत असाल तर ते २१७ च्या पुढे वितळतं, तेव्हा चिमटा हवाच हवा. खिडकी उघडी ठेवा, धूर रोझिनचा असतो आणि तो छातीला चांगला नाही. शिशाच्या कथलाला हात लावला की नंतर हात धुवा.

दुसरं म्हणजे जॅकच्या आत मागच्या बाजूला दोन कान असतात, ते पक्कडने दाबून केबलवर बसवायचे असतात. ते कान तारांवर नाही, तारांच्या वरच्या आवरणावर बसले पाहिजेत. म्हणजे केबल ओढली तर ओढ कानांवर येते, डाखावर नाही. डाख हा वीज वाहून न्यायला आहे, वजन धरायला नाही.

जाळीवाला

डाखवाल्यांच्या शब्दाशब्दाला +१. नळीबद्दल मी लिहितो, मला त्यातच रस आहे.

सलग हीटश्रिंक केबलभर चढवू नये. ती अशा कामाची नाहीच. आपली नेहमीची पॉलिओलेफिनची नळी ९० अंशाच्या आसपास आक्रसायला लागते, १२० पर्यंत पूर्ण बसते आणि २:१ ची ६ मिमीची ३ मिमी होते. बसल्यावर ती ताठ होते. छोट्या तुकड्यात हाच गुण कामाला येतो. जॅकपाशी तीन तुकडे एकावर एक चढवा, आतला सगळ्यात लांब म्हणजे ३५ मिमी, त्यावर २५, त्यावर १५, सगळ्यांचं एक तोंड जॅककडे. मग जॅकपाशी जाडी जास्त आणि पुढे पुढे कमी होत जाते, केबल एका रेषेवर न वाकता कमानीसारखी वाकते. कंपन्यांच्या केबलला जॅकच्या मागे खाचा असलेली रबरी शेपटी असते ना, तिचं काम हेच. फाट्यापाशी आतून गोंद असलेली ३:१ वाली वापरा, ती वितळून तिन्ही बाजूंना पकडते.

केबलभर झाकायचं असेल तर दोन चांगले पर्याय आहेत. एक म्हणजे जाळीची पॉलिएस्टर नळी. दोन्ही टोकांनी आत ढकलली की ती फुगते, ओढली की आवळते, त्यामुळे गोफावर चढवताना अळी चालते तशी थोडी थोडी ढकलत न्यायची आणि पूर्ण गेल्यावर एका टोकाला धरून हाताने निपटत आणल्यासारखी ओढायची. कात्रीने कापली की टोकं क्षणात पिंजतात, म्हणून आयर्नच्या तापलेल्या जुन्या टिपने कापा, कडा वितळून बंद होते.

दुसरा पर्याय पॅराशूटची दोरी, ५५० म्हणून मिळते ती. हा आकडा म्हणजे ५५० पौंडाची ताकद. आतल्या सातेक दोऱ्या ओढून काढल्या की वरचं नायलॉनचं आवरण रिकामी नळी म्हणून वापरता येतं. मऊ असतं, हाताला छान लागतं. पण कपड्यावर घासलं की खरखर थेट कानात जाते, कानात घालायच्या इअरफोनला तर फारच. तिथे मी काहीच चढवत नाही, उघडा गोफच ठेवतो.

आणि कृपया लायटरने नळी बसवू नका. एका जागी करपते, दुसरीकडे सैल राहते, वर काजळी. हॉट एअर गन नसेल तर आयर्नचा दांडा जवळून फिरवा, टेकवू नका. केस वाळवायच्या ड्रायरने बहुतेक नळ्या बसतच नाहीत.

नवी_सुई

एक शंका. नळीचे तुकडे डाख दिल्यावर चढवायचे की आधी?

जाळीवाला

आधी, ताई! आयर्न तापवायच्या आधी जॅकची टोपी, तिन्ही तुकडे, फाट्याची नळी सगळं तारेत ओवून जोडापासून एक वीतभर मागे सरकवून ठेवायचं. जवळ ठेवलं तर डाखाच्या उष्णतेनेच आक्रसून नको तिथे बसतं. मी अजूनही एका कागदावर ओवायच्या वस्तूंची नावं लिहून समोर ठेवतो.

ओहमचा_हिशोब

कानसेन यांच्या चांदीबद्दल थोडं. तुम्हाला जे जाणवलं ते खोटं म्हणत नाही, पण आकडे मांडून बघू.

चांदी तांब्यापेक्षा वीज सुमारे ६ टक्के चांगली वाहते, त्याहून जास्त नाही. २६ गेज तांब्याचा रोध मीटरला ०.१३४ ओहम. १.२ मीटर जायचे आणि १.२ मीटर यायचे धरले तर ०.३२ ओहम. ३२ ओहमच्या हेडफोनला त्यामुळे आवाज ०.०९ डेसिबलने कमी होतो. चांदी घातली तर यातला सोळावा हिस्सा वाचतो. एवढा फरक कुठल्याच कानाला कळणार नाही. त्याऐवजी २४ गेज तांबं घेतलं तर रोध मीटरला ०.०८४ वर येतो, म्हणजे चांदीपेक्षा कितीतरी जास्त फायदा.

एक ठिकाण मात्र आहे जिथे केबलचा रोध ऐकू येऊ शकतो. काही इअरफोनमध्ये एकेका कानात चार-पाच ड्रायव्हर, म्हणजे छोटे स्पीकर, असतात, त्यांचा रोध एका पट्टीत ५ ओहम आणि दुसऱ्या पट्टीत ४० असा वरखाली होतो. तिथे केबलमधला अर्धा ओहमसुद्धा एक पट्टी दाबतो आणि दुसरी उचलतो. पण तेही मोजता येतं.

कानसेन

माझा इअरफोन चार ड्रायव्हरचाच आहे. आणि आधीची केबल बारीक होती, चांदीची जाड घेतली होती. म्हणजे फरक जाडीचा असेल हे मान्य करायला हवं. जाड तांब्याची तशीच एक विणतो आणि दुसऱ्याला केबल बदलायला लावून, मला न सांगता, ऐकून बघतो. काय होईल ते इथे लिहीन.

तबकडी

मी पण गोफवाली केली, पण ती रेकॉर्ड प्लेअरपासून अॅम्प्लिफायरपर्यंत, आरसीए पिना लावून. दिसते इतकी सुरेख की सगळे विचारतात. पण आवाज वाढवला की खालून एक घूंऽऽ असा सतत सूर, आणि केबलला हात लावला की तो बदलतो. डाख सगळे तपासले, तिन्ही तुकडे वगैरे सगळं आहे. वरून जाळीची नळी पण चढवली, काही फरक नाही.

ओहमचा_हिशोब

तबकडी ताई, तुमच्या डाखात काही चूक नाही, गोफ चुकीच्या जागी लागलाय.

पीळ किंवा गोफ चुंबकीय गोंगाट कमी करतो, कारण प्रत्येक पेऱ्याला तारांची बाजू बदलते आणि शेजारच्या पेऱ्यातला गोंगाट उलटा येऊन कापला जातो. टेलिफोनच्या तारांसाठी बेलने पिळाच्या जोडीचं पेटंट १८८१ सालीच घेतलं होतं. पण आजूबाजूच्या विजेच्या वायरींमधून विद्युत क्षेत्राने जो ५० किंवा ६० हर्ट्झचा सूर येतो तो गोफ अडवत नाही, त्याला धातूचं आवरण लागतं. प्लास्टिकची जाळी दिसते शिल्डसारखी पण ती नुसतं कापड आहे. हात लावल्यावर सूर बदलतो ना, तीच त्याची खूण.

हेडफोनच्या केबलला हे का चालतं, तर अॅम्प्लिफायर जोरकस असतो आणि पुढे काही वाढवायचं नसतं. रेकॉर्ड प्लेअरच्या सुईतून जेमतेम ५ मिलिव्होल्ट येतात, तुमचा फोनो प्रीअॅम्प (सुईचा बारीक सिग्नल वाढवणारा भाग) त्याला शंभरपट करतो आणि रेकॉर्डच्या ठरलेल्या वक्राप्रमाणे ५० हर्ट्झला वरून आणखी १७ डेसिबल उचलतो. नेमका तिथेच घूं बसलाय.

उपाय असा की गोफ तसाच ठेवा, त्यावर तांब्याची विणलेली शिल्ड नळी चढवा, ती बाजारात रिकामी मिळते, आणि ती फक्त एका टोकाला ग्राउंडला डाख द्या. जाळी त्यावर चढवा, म्हणजे शोभा जाणार नाही. पण शिल्ड चढवली की केबलची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) वाढते आणि हलत्या चुंबकाच्या (मूव्हिंग मॅग्नेट) सुईला एकूण १०० ते ३०० पिकोफॅरड एवढीच चालते, तेव्हा केबल शक्य तितकी आखूड करा. मोबाईल पण दूर ठेवा, जुन्या नेटवर्कवरचा फोन २१७ हर्ट्झची टकटक घालतो तो वेगळा त्रास.

तबकडी

शिल्ड नळी चढवली, प्लेअरच्या टोकाला डाख दिला, लांबी ८० सेंटीमीटर केली. घूं गेला. अगदी शेवटपर्यंत आवाज फिरवला तर थोडीशी सळसळ आहे, ती आधीपासूनचीच. फार फार आभार, मी ती केबल टाकून देणार होते.

तांबेतार

नवीन केबल झाली. यावेळी २४ गेज, कारण ओहम यांचा हिशोब पटला. गोफ तोच, सलग नळी नाही, मधे जाळी आणि दोन्ही टोकांना तीन तीन तुकडे.

जोड करताना मुद्दाम जुन्या तारेच्या तुकड्यांवर सात-आठ वेळा सराव केला आणि प्रत्येक वेळी प्लास्टिक सोलून कथील किती आत गेलं ते मोजलं. पहिल्या तुकड्यात ५ मिमी. चिमटा लावल्यावर २. हात बसल्यावर प्लास्टिकच्या कडेलाच थांबलं, आतली तार तांबडीच्या तांबडी. ते बघून जो आनंद झाला तो केबल वाजल्यावर पण झाला नाही, खरं सांगतो. आता जॅकपाशी वाकवली तर कमान होते, कोन होत नाही.

डाखवाला

सोलून मोजलंत हे फार चांगलं केलंत. बाहेरून चकचकीत डाख बघून आत काय झालंय ते कधीच कळत नाही.

नवी_सुई

मंडळी, आयर्न आणलं, तुमचं सगळं वाचून पहिली केबल केली!! नळ्या आधी ओवल्या. पण मल्टिमीटर बीपवर (जोडणी असली की वाजतो तो) लावला तर जॅकचं टोक आणि ग्राउंड यांच्यात बीप वाजतोय. टोक आणि मधल्या कड्यात पण. म्हणजे सगळं शॉर्ट झालंय का? तीन वेळा उघडून बघितलं, कुठेच काही टेकलेलं दिसत नाही, डाख तर छान वेगवेगळे आहेत. आता परत सगळं उकलू का?

डाखवाला

थांबा ताई, काहीही उकलू नका. केबलच्या दुसऱ्या टोकाला हेडफोन जोडलेला आहे का?

नवी_सुई

हो, जोडलेला आहे. म्हटलं लगेच ऐकता येईल.

डाखवाला

मग शॉर्ट नाही. मीटर हेडफोनमधल्या गुंडाळीतून आरपार जातोय, ती ३२ ओहमची आहे आणि बऱ्याच मीटरना एवढ्यावर बीप वाजतो. टोक आणि कडं पण दोन गुंडाळ्यांमधून जोडली जातात. दोन्ही कपांतून केबल काढा आणि नुसती केबल तपासा. टोक ते डावा, कडं ते उजवा, मागचा भाग ते दोन्ही काळ्या, इथे बीप आला पाहिजे, बाकी कुठेही नाही. मग बीप चालू ठेवून जॅकपाशी केबल चारी बाजूंना हलवा, मधेच तुटला नाही तर जोड पक्का.

नवी_सुई

काढला हेडफोन. जिथे यायला हवा तिथेच बीप, बाकी शांत. हलवून पण बघितलं, तुटत नाही. लावते आता.

नवी_सुई

दोन्ही कानात येतंय.

तांबेतार

वा! फोटो टाका, फाट्यापाशी कशी वळवलीत ते बघायचंय.

नवी_सुई

टाकते उद्या उजेडात. फाट्यापाशी एका बाजूचा पीळ थोडा सैल झालाय, पण काळ्या दोन्ही शेवटपर्यंत डाव्या हातातच राहिल्या.